शाफ्टला सरासरी नसते

४ जानेवारी

ती. मामांना नमस्कार,

तुमचे पत्र परवा मिळाले. आईने ते मोठ्याने वाचायला घेतले आणि दुसऱ्या परिच्छेदाशी थांबून माझ्या हातात दिले. मिलिंग मशीन फेब्रुवारीअखेर तंत्रशाळेला देऊन टाकणार, हे तुम्ही अशा सुरात कळवले आहे, जणू घरातली एखादी जुनी छत्रीच कुणाला देत आहात. आईने त्यावर एवढेच म्हटले की, दादा जेव्हा कारण देत नाही तेव्हा कारण मोठे असते.

फोन करून विचारले असते. परंतु टूलरूमच्या भिंतीपलीकडे चाळीस वर्षे प्रेस धडधडल्यावर तुमच्या कानांनी फोनशी अबोला धरला आहे, आणि मलाही बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा पत्र दोघांच्याही सोयीचे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली तुम्ही घरी घडवत असलेल्या छोट्या वाफेच्या इंजिनाविषयी. मी आठ वर्षांची असताना तुम्ही मला त्याचे चाक बोटाने फिरवू दिले होते. तेव्हा केवळ चाकच होते. गेल्या वर्षी सुट्टीत आले, तेव्हा सिलिंडर, दांडा, झडपा असे सारे काही कपाटात कापडाखाली तयार होते आणि राहिली होती ती फक्त बेडप्लेट, म्हणजे ज्यावर हा संसार मांडायचा तो पाट. ती झाली का? झाली नसेल, तर मशीन गेल्यावर ती कशावर होणार?

दुसरी गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात लहान मिलिंग मशीनला पॉवर फीड कसे जोडावे याचे एक प्रकरण आहे. धातूचा तुकडा बांधलेले मशीनचे टेबल फिरत्या कटरखाली पुढे सरकवण्यासाठी हँडल हाताने फिरवण्याऐवजी एक सावकाश चालणारी मोटार स्क्रू फिरवते. मशीन जाण्यापूर्वी हा प्रयोग करून पाहण्याची माझी फार इच्छा आहे. टेबलाच्या डाव्या बाजूला स्क्रूचे जे मोकळे टोक बाहेर येते, त्याचे माप आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल किती सरकते, एवढे कळवाल का? निव्वळ अभ्यास म्हणून विचारते आहे.

आणखी एक. तुमचे पत्र मामींच्या अक्षरात कसे? मामींनाही नमस्कार.

तुमची
वाळवी


११ जानेवारी

चि. वाळवी,

पुस्तकं कुरतडतेस म्हणून ठेवलेलं नाव अजून शोभतंय. आता माझं मशीनही कुरतडायला निघालीस.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून मी सांगतो आणि मामी लिहिते. (चष्मा नाकावरच आहे. हे माझं लिहिलेलं वाचत नाहीत, पाकीट चिकटव म्हणतात आणि उठतात. म्हणून कंसात लिहिते. मामी.)

मशीन देतोय त्याचं कारण जागा. मामीला शिवणयंत्र ठेवायला खिडकीजवळची जागा हवी आहे. (मला शिवता येत नाही.) तंत्रशाळेचे मास्तर भले गृहस्थ आहेत, अठ्ठावीस तारखेला गाडी घेऊन येणार आहेत, मी शब्द दिलाय. बेडप्लेटचं म्हणशील तर ती काही अडलेली नाही. सवडीने करीन.

आता तुझं ते पॉवर फीड. मला ते पसंत नाही. कटर धातूत शिरतो तेव्हा तो हँडलमधून हाताशी बोलत असतो. जरा जड झालं की हात आपोआप सैल पडतो. मोटारीला कान नाहीत आणि लाजही नाही. कटर अडकला तरी ती पुढेच रेटणार, टेबल टोकाला पोचलं तरी रेटणार. समजा एखाद्या गाढवाने बसवलंच, तर दोन्ही टोकांना टेबल आपोआप थांबायला हवं, मोटार आणि स्क्रू यांच्यात एक क्लच हवा म्हणजे वाटेल तेव्हा मोटार सोडवून हाताने काम करता येईल, आणि वेगाचं बटण डाव्या हाताला हवं. उजव्या नव्हे, डाव्या. पण असं कुणी बसवू नये, एवढंच माझं मत.

अभ्यास म्हणून विचारलंस म्हणून माप देतो. एका फेऱ्याला टेबल दोन मिलिमीटर सरकतं. टोकाचा व्यास दहा.

(हे दहा लिही म्हणाले. पण माझ्यासमोर बसून पाच वेळा मोजलं आणि पाच वेळा वेगळा आकडा ओठांत पुटपुटले. कान गेल्यापासून यांचं पुटपुटणं चांगलं मोठ्याने असतं. मी मागच्या कागदावर टिपून घेतले: १०.१४, १०.०६, १०.३२, १०.००, १०.१८. तू हुशार आहेस, त्यातलं काय घ्यायचं ते तूच ठरव. यांना कळू देऊ नकोस. बेडप्लेट झालेली नाही.)

तुझ्या आईला सांग, कारण लहानच आहे.

मामा


२३ जानेवारी

ती. मामांना नमस्कार,

तुमचे मत मी दोनदा वाचले आणि त्यातल्या तिन्ही अटी वहीत उतरवून घेतल्या. मत मान्य नसले तरी अटी मान्य आहेत.

मोटार मिळाली. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये एक मोडीत निघालेली गाडी उभी आहे. तिची काच पुसणारी मोटार गॅरेजवाल्या काकांनी काढून दिली. अशा मोटारीला सावकाश आणि न थकता फिरण्याची सवय असते, शिवाय तिच्या अंगातच दातेरी चाके असल्यामुळे जोर भरपूर असतो. वेगाच्या बटणाने मी ती मिनिटाला वीस फेऱ्यांवर आणली आहे. एका फेऱ्याला दोन मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला चाळीस. तुमच्या बेडप्लेटची लांबी मला आठवते त्याप्रमाणे एकशे ऐंशी असेल, तर एक संपूर्ण कापणी साडेचार मिनिटांत होईल. हाताने तेच काम म्हणजे हँडलचे नव्वद फेरे. टोकाला टेबल थांबवण्यासाठी दोन लिमिट स्विच बसवले आहेत. टेबलाने त्यांना नुसता धक्का दिला की मोटार बंद. वेगाचे बटण डाव्या हाताला आहे. उजव्या का नको, हे तुम्ही लिहिले नाहीत. मीही विचारत नाही.

हे सारे आमच्या जेवणाच्या टेबलावर जुळवले. आठ दिवस आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवलो. आईने कालपर्यंत सहन केले. काल मात्र तिने विचारले की, लग्न होऊन जाताना ही मोटार सोबत नेणार आहेस की माझ्या गळ्यात ठेवणार आहेस.

मोटार आणि स्क्रू यांना जोडणारे कपलिंग मात्र घरी होण्यासारखे नव्हते. त्यासाठी मागच्या गल्लीतल्या टर्नरकडे जाणे भाग होते, आणि खरे सांगायचे तर सगळ्या कामात मला भीती फक्त याचीच होती. पंधरा मिनिटे मी दारात उभी राहिले. आत तीन लेथ चालू होते. टर्नर माझ्याकडे पाठ करून उभे होते आणि त्या आवाजावर चढेल असे ‘अहो’ माझ्या गळ्यात नव्हते. त्याचा अंदाज असल्यामुळे मी घरून चिठ्ठी लिहूनच नेली होती. त्यांनी ती घेतली, तिन्ही लेथ बंद करवले आणि सर्वांना ऐकू जाईल अशी वाचली: “महोदय, सोबत जोडलेल्या आराखड्याबरहुकूम एक जोडणी काटेकोरपणे सिद्ध करून मिळावी, ही नम्र विनंती.” मग त्यांनी शांतपणे विचारले की, ही कोर्टाची नोटीस आहे का, आणि असल्यास तारीख कधीची. सगळे हसले. मी आराखड्यावर बोट ठेवून उभी राहिले.

एका मापाविषयी त्यांनी शंकाही काढली. तेव्हा मात्र मी “कागदावर आहे तेच” असे तीन शब्द बोलले, आणि परत येताना त्या तीन शब्दांचा मला बराच अभिमान वाटला. ते माप मी पूर्णपणे शास्त्रशुद्ध पद्धतीने ठरवले आहे.

पेटी उद्या निघेल. सोबत जोडणीची आकृती आहे. पसंत नसले तरी एकदा बसवून पाहा.

तुमची
वाळवी


३ फेब्रुवारी

चि. वाळवी,

पेटी आली. तुझी आकृती पाहिली. आकृतीत रेषा कुठे जाड आणि कुठे बारीक काढायची ते तुला कळतं, हे मान्य करतो. स्विच सुरेख बसलेत. क्लच तर मी स्वतः केला असता तसाच आहे.

बसवायचं नाही असं ठरवलं होतं. मामीने फार हट्ट धरला म्हणून बसवलं. (मी एक शब्द बोलले नाही. पेटी आली त्या दुपारी जेवणही अर्धवट टाकून पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. आणि चालू करायच्या आधी आत जाऊन चांगला शर्ट घालून आले.)

अॅल्युमिनियमचा एक जुना तुकडा लावला आणि मोटार चालू केली. वाळवी, तुला वाईट वाटेल, पण जे झालं ते लिहितो. टेबल चाललं, टोकाला आपोआप थांबलंही, पण कापलेल्या भागावर लाटा उठल्या. दर दोन मिलिमीटरला एक लाट, शिस्तीत, कवायतीला उभ्या असल्यासारख्या. नख फिरवलं तर करवतीच्या दातांवरून फिरवल्यासारखं लागतं. तुझं कपलिंग टोकावर डुलतं आहे. हाताने केलेलं यापेक्षा बरं. मी म्हणालो नव्हतो? मोटारीला लाज नसते.

असो. प्रयत्न चांगला होता. अठ्ठावीसला मास्तर येतील तेव्हा मशीनबरोबर तुझी पेटीही देतो, मुलांना शिकायला होईल. तू आता परीक्षेकडे लक्ष दे.

(हे खुशीत लिहितायत असं वाटेल. तसं नाही. तुकडा खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहत बसले. कपाटातल्या इंजिनावरचं कापड सकाळी काढलं होतं, ते पुन्हा घातलं आणि कोपरे नीट दाबले. पोरी, यांना ते चालायला हवं होतं.)

मामा


८ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार,

तुमचे पत्र वाचून मी पहिली रात्र रडून आणि दुसरा दिवस विचार करून काढला. पहिल्याचा काही उपयोग झाला नाही.

लाटा दर दोन मिलिमीटरला आहेत, आणि स्क्रूचा एक फेराही दोन मिलिमीटरचाच आहे. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात एकदा, त्याच जागी, काहीतरी ढकलते आहे. मोटार दोषी असती तर लाटा कशाही उठल्या असत्या. इतकी शिस्त फक्त वाकड्या बसलेल्या कपलिंगलाच असू शकते. त्याचे छिद्र मोठे आहे. कपलिंग घट्ट धरणारा छोटा स्क्रू आवळला की ते एका बाजूला सरकते आणि फेऱ्यागणिक डुलते. हा दोष माझा आहे.

आता जे लिहिते आहे, त्यासाठी मामींची आधीच क्षमा मागते. तुम्ही मला दहा सांगितलेत. परंतु मोजताना तुम्ही पुटपुटलेले पाचही आकडे मामींनी कंसात कळवले होते. मला वाटले, दहा हा आकडा तुम्ही सोयीसाठी ढोबळ सांगितला असावा. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवले आहे की, एकाच वस्तूची अनेक मापे घ्यावीत आणि त्यांची सरासरी काढावी; चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. पाच मापांची बेरीज पन्नास दशांश सात शून्य, सरासरी १०.१४. त्यातले पहिले मापही नेमके तेवढेच निघाले, तेव्हा तर मला खात्रीच पटली. टर्नर म्हणाले होते, “ताई, दहा असेल ना? असलं माप कोण ठेवतं?” त्यांना कारण विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी कागदाच्या मागे लपले.

मला एवढेच कळत नाही की, चुका एकमेकींना का खाऊन टाकत नाहीत. खरे माप काय आहे आणि ते कसे ओळखायचे, हे सांगाल का? अजून वीस दिवस आहेत.

तुमची
वाळवी


१३ फेब्रुवारी

वाळवी,

आधी हसलो. मग मामीवर चिडलो. मग पुन्हा हसलो. शाफ्टला सरासरी नसते, बाई. शाफ्टला, मग तो स्क्रूचं टोक का असेना, एकच माप असतं. पाच जण एकाच माणसाचं वय वेगवेगळं सांगतील, म्हणून बेरीज करून भागल्याने त्याचा वाढदिवस निघत नाही.

आणि हो, यापुढे पत्र लिहून झालं की पाकिटात जाण्याआधी मी वाचणार आहे. कंसात काय काय चाललं होतं ते कळलं. शिवणयंत्राचंही कळलं. (वाचा की. मी कुठे नाही म्हणते? मामी.)

आता नीट ऐक, हे तुझ्या पुस्तकात नसेल. व्हर्नियरचे, म्हणजे ज्याने मी ते टोक मोजलं त्याचे, जबडे शाफ्टवर सरळ बसले तर खरं माप दिसतं. जरा तिरके बसले तर जास्त दिसतं. कितीही तिरके धर, खऱ्यापेक्षा कमी कधीच दिसणार नाही. म्हणजे इथे चुका दोन्ही बाजूंना पडत नाहीत, एकाच बाजूला पडतात. अशा वेळी पाचांतला सगळ्यात लहान आकडा खरा, बाकीचे चार तिरके. म्हणून मी दहा म्हणालो. दहा म्हणजे दहाच, ढोबळ नव्हे.

आता तू विचारशील, आणि तू विचारणारच, की चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने पाचांतून चार वेळा व्हर्नियर तिरका का धरला.

मामीला म्हणालो, हे लिहू नकोस. ती पेन खाली ठेवून बसली आहे. तेव्हा लिही बाई.

गेल्या वर्षापासून उजवा हात थरथरतो. आधी चमच्याला कळलं, मग सहीला, मग मला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. म्हणजे धोका फक्त हाताला. औषधाने कमी होतं, जात नाही. बेडप्लेट मी तीनदा केली. नव्वद फेऱ्यांत एकदा जरी हात अडखळला तरी कटर तिथे थांबतो आणि खळगा पाडतो. तिन्ही भंगारात टाकल्या. चौथीसाठी लोखंड आणून ठेवलं आणि त्याला हात लावला नाही. मोटारीला लाज नसते असं मी लिहिलं होतं. लाज होती ती मला. मास्तरांना मशीन देऊन टाकलं की निदान रोज डोळ्यांसमोर तरी राहणार नाही, असं वाटलं.

हे तुझ्या आईला सांगू नकोस. सांगितलंस तर थोडं कमी करून सांग.

कपलिंगचा नाद सोड. मी शब्द दिलाय.

मामा

(त्यांनी वाचलं आहे आणि काही खोडलं नाही. मी आता चहा अर्धाच कप देते, म्हणजे सांडत नाही. ते दोनदा मागतात. आम्ही दोघंही त्यावर बोलत नव्हतो. मामी.)


१९ फेब्रुवारी

ती. मामांना आणि ती. मामींना नमस्कार,

आईला सांगितले, कमी करून सांगितले नाही. ती म्हणाली की दादाचे कारण तिला पत्राच्या पहिल्याच ओळीत दिसले होते, कारण ती ओळ दादाच्या अक्षरात नव्हती.

मामा, मी तुमचे पत्र घेऊन टेबलाशी बसले आणि काकडीच्या तुकड्यावर पट्टी सरळ व तिरकी धरून पाहिली. तुम्ही म्हणता ते खरे आहे. तिरकी पट्टी नेहमी जास्तच दाखवते. माझ्या तीन वर्षांच्या प्रयोगवह्यांत हे कुठेही नाही. पण त्यापुढे मला जे दिसले ते तुम्हाला दिसलेले दिसत नाही, म्हणून लिहिते. थरथरत्या हाताने तुम्ही पाच मापे घेतलीत, आणि त्यांतून क्षणात नेमके खरे तेवढे उचललेत. माझा हात मुळीच थरथरत नाही, पण तेच पाच आकडे माझ्यासमोर आले तेव्हा मी ते चुकवले. बिघडला आहे तो हात. माप तुमच्याकडे अजून शाबूत आहे. हँडलचे नव्वद फेरे ही हमाली आहे. ती मोटारीला करू द्या.

काल टर्नरकडे पुन्हा गेले. चिठ्ठी नेली नाही. दारात उभी राहिले नाही, आत गेले आणि लेथ थांबेपर्यंत थांबले. मग मी म्हणाले, “मागच्या वेळी चूक माझ्या मापात होती, तुमच्या कामात नव्हती. तुम्ही विचारलं होतं, मी ऐकलं नाही. आता बरोबर दहा हवं, आणि ते बसतं की नाही हे मी इथे उभी राहून पाहणार.”

हे सगळे मी एका दमात बोलले, आणि कुणी हसले नाही. टर्नरांनी पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवले. तपासायला मी दहाची एक कडक पोलादी पिन नेली होती. त्यांनी चार वेळा लेथ थांबवून ती छिद्रात घालून पाहिली, आणि चारही वेळा आधी माझ्या हातात दिली. चौथ्या वेळी तेलाचा एक थेंब लावल्यावर पिन अंगठ्याच्या दाबाने आत गेली, आणि बाहेर ओढताना बाटलीचे बूच निघावे तसा आवाज आला. टर्नर म्हणाले, हा आवाज आला की माप आले. मी तो आवाज आणखी तीनदा काढून पाहिला. निघताना त्यांनी आतल्या मंडळींना सांगितले की, नोटीसवाल्या ताईंना आता बोलता येते, तेव्हा जपून.

कपलिंग आजच्या टपालाने येत आहे. तुमच्या शब्दाची मला जाणीव आहे. मास्तर अठ्ठावीसला येतील. त्याआधी एकदाच, अॅल्युमिनियमवर नव्हे, चौथ्या लोखंडावर चालवून पाहा. त्यानंतर मशीन दिलेत तरी मी पुन्हा लिहिणार नाही.

तुमची
वाळवी


२७ फेब्रुवारी

चि. वाळवी,

आज मी माझं स्वतःचं पत्र लिहिते आहे, कंसाशिवाय. तुझे मामा शेजारी बसलेत, त्यांची पाळी माझ्यानंतर.

कपलिंग परवा आलं. तुझ्या मामांनी ते टोकावर सरकवलं, बाहेर ओढलं, आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी सांगितलं, आवाज आला. त्यांनी ते आणखी दोनदा काढून घातलं आणि दोन्ही वेळा मला सांगावं लागलं.

काल सकाळी आंघोळ करून चौथं लोखंड लावलं. कटर किती खोल जायला हवा, किती वेगाने फिरायला हवा, हे ठरवायला त्यांनी अर्धा तास घेतला आणि त्या अर्ध्या तासात मला एकदाही काही धरायला सांगितलं नाही. मग मोटार चालू केली. उजवा हात त्यांनी पँटच्या खिशात घातला आणि तसाच राहू दिला. डावा बटणावर.

मिनिटभर झालं असेल, आणि दाराची घंटा वाजली. मास्तर. दोन दिवस आधीच. गाडी मोकळी मिळाली म्हणून आले होते, सोबत दोन माणसं आणि दोर. मी काही सांगायच्या आत मास्तर खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचले. तुझ्या मामांनी मागे वळून पाहिलं नाही. पायांखालची फरशी हलल्यावर त्यांना कळलं असावं. बटणावरचा डावा हात उचलून त्यांनी नुसता पंजा दाखवला. थांबा.

आम्ही चौघं उंबऱ्यात थांबलो. वाळवी, साडेतीन मिनिटं म्हणजे किती असतात ते मला काल कळलं. टेबल चाललंय की नाही असं वाटावं इतकं सावकाश चाललं होतं. लोखंडाचा कीस एका बाजूला पडत होता आणि मागे चकचकीत पट्टा उरत होता. मास्तरांची माणसं दोर हातात धरून उभी होती. टेबल टोकाला गेलं, तुझ्या स्विचला टेकलं आणि आपोआप थांबलं. तुझ्या मामांनी कटर बंद केला आणि खिशातला हात बाहेर काढून प्लेट पुसली.

मास्तर पुढे झाले. आधी नख फिरवलं. कुठे अडकलं नाही. मग भिंतीवरची पोलादी पट्टी घेऊन ती प्लेटवर उभी धरली आणि खिडकीच्या उजेडासमोर वाकून खालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उजेडाची चीर कुठेही दिसेना. तेव्हा तुझे मामा त्यांना म्हणाले, “मास्तर, मी शब्द मोडतोय. मशीन देत नाही.” मास्तर अजून पट्टीखालीच पाहत होते. म्हणाले, मशीन राहू द्या, आमच्याकडे दोन आहेत. ही पेटी कुणी केली ते सांगा. मला ते मोठ्याने तीनदा विचारावं लागलं. मग यांनी सांगितलं, भाचीने केली. आमची वाळवी.

आता तुझ्यासाठी बातमी. मास्तरांना तुझी आकृती हवी आहे, आणि तू एक दिवस येऊन त्यांच्या वर्गाला समोर उभी राहून समजावून सांगावंस असंही त्यांना वाटतं. चाळीस मुलं आहेत. तू लाजतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून मी विचारून सांगते म्हणणार होते. तेवढ्यात यांनी हो सांगून टाकलं. म्हणाले, टर्नरसमोर बोलली ती चाळिसांना काय भिते.

पाकिटात थोडा कीस घातला आहे. यांनी निवडून नाही घातला, चिमूटभर उचलला. सगळे तुकडे एकसारखे आहेत ते बघ. काल संध्याकाळी मी चहाचा कप काठोकाठ भरला. त्यांनी डाव्या हाताने उचलला.

तुझी मामी

वाळवी,

हे मी स्वतः लिहितोय. इंजिन बेडप्लेटवर बसलं. चारही बोल्ट पहिल्या झटक्यात लागले.

चाक अजून फिरवलेलं नाही. पहिल्यांदा तू फिरवलं होतंस, आताही तूच फिरव. परीक्षा झाली की ये.

अक्षर वाकडं आहे, लागेल तसं वाच. बेडप्लेट सरळ आहे.

मामा